त्रिकोणमितीत बाजू काढताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नववी-दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी घेतो. दर वर्षी पोरं नवी, चुका मात्र त्याच.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे चित्र बघून बाजूंना नावं देणं. उभी ती संमुख (कोनासमोरची), आडवी ती लगतची (कोनाला लागून असलेली)! याचं मूळ 'लाल बाय कक्का' या पाठांतराच्या युक्तीत आहे : साइन म्हणजे लंब (म्हणजेच संमुख) भागिले कर्ण, कॉस म्हणजे आधार (म्हणजेच लगतची) भागिले कर्ण, टॅन म्हणजे लंब भागिले आधार. व्हिडिओ बघून पोरं लंब, आधार, कर्ण पाठ करून येतात आणि लंब म्हणजे उभी रेघ, एवढंच डोक्यात बसतं. मग मी मुद्दाम गणित घालतो : 6 मीटरची शिडी भिंतीशी 30 अंशांचा कोन करते, तर तिचा पाय भिंतीपासून किती लांब? अर्धा वर्ग कॉस लावून 5.19 मीटर लिहून मोकळा. अरे लेका, अशी शिडी लावलीस तर रंगारी डब्यासकट खाली येईल! कोन वर आहे, भिंतीजवळ. त्याच्या समोर जमीन येते. म्हणजे साइन, आणि उत्तर 3 मीटर. माझी सवय सांगतो : आधी काटकोनासमोरचा कर्ण लाल पेनाने गिरवायचा, मग दिलेल्या कोनावर बोट ठेवायचं. बोट ज्या बाजूला शिवत नाही ती संमुख. पोरं हसतात, पण बोट ठेवणाऱ्यांचं चुकत नाही.

अज्ञात बाजू छेदात असली की गुणाकार करून टाकतात. कॉस 60 = 8/क्ष, म्हणजे क्ष 16, 4 नव्हे. कर्ण दुसऱ्या बाजूपेक्षा लहान आलाय हे तरी दिसायला नको?

साइन 60 म्हणजे साइन 30 ची दुप्पट नाही. दुप्पट 1 येते, साइन 60 आहे 0.866.

काटकोनाच्या दोन बाजू 6 आणि 8 दिल्यात, कर्ण हवाय, तर कोन कशाला शोधता? पायथागोरस आहे की.

आता रंकाळा तलावावरची गोष्ट. एका रविवारी सकाळी पोरांना काठावरच्या झाडाची उंची काढायला नेलं. कंपासपेटीतला कोनमापक, सरळ कडेला चिकटवलेली नळी, मध्यातून दोरा आणि त्याला लोखंडी नट. म्हणजे गवंड्याचा ओळंबाच. झाडापासून बरोबर 10 मीटरवर उभं राहून शेंडा बघितला. दोरा 35 वर. एकाने लगेच टॅन 35 ने गुणून "सर, 7 मीटर!" म्हणून जाहीर केलं. शेजारचं दोन मजली घर झाडाच्या निम्म्यावरही पोचत नव्हतं, पण वर बघतोय कोण? घाई नुसती. नळी आडवी धरली की दोरा 90 दाखवतो, म्हणून उन्नत कोन (आडव्या रेषेपासून नजर वर जाते तो) 90 वजा 35, म्हणजे 55. टॅन 55 घेतला की 14.28 मीटर. तरी अजून कमीच, कारण बघणाऱ्या पोराचे डोळे जमिनीपासून 1.40 मीटरवर होते. ते मिळवून झाड 15.68 मीटर. मी तरी आता आधी अंदाज लिहून घेतो, मगच दोरा हातात देतो.

राहिला कॅल्क्युलेटर. बोर्डाच्या पेपरात तो चालत नाही, पण पुढे डिप्लोमाला गेलेली पोरं फोन करतात, "सर, साइन 30 उणे येतंय!" रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) असणार, -0.988. पडद्यावर डिग्री आहे का बघ, साइन 30 दाब, 0.5 आलं तरच पुढं जा.