बीबीसी मायक्रोवर मजकुराची फाइल झटपट वाचायची असेल तर

बीबीसी मायक्रो मॉडेल बी या जुन्या संगणकावर फ्लॉपीतली मजकुराची फाइल वाचायची सरळ वाट म्हणजे *टाइप ही कमांड. ती चालते, पण हळू चालते. शिवाय एकदा वर सरकलेली ओळ परत खाली आणता येत नाही. दोन्हींचं मूळ एकच. *टाइप फ्लॉपीवरून 256 बाइटांचा एक सेक्टर उचलते, त्यातलं एकेक अक्षर स्क्रीनवर टाकते, मग पुढच्या सेक्टरकडे जाते, आणि मागचं काहीच जवळ ठेवत नाही. फाइल एका झटक्यात मेमरीत आणली आणि तिथून पानापानाने दाखवली, तर पुढे-मागे दोन्हीकडे लगेच जाता येतं. त्यासाठी मशीन कोडही (प्रोसेसरची थेट भाषा) लागत नाही. मशीनमध्येच असलेल्या बेसिक भाषेच्या वीस-पंचवीस ओळींत काम होतं, मात्र फाइल आधी नीट तयार केलेली हवी.

हे मशीन 1981 चं. केंद्र सरकारच्या, शाळांमध्ये संगणक शिकवण्यासाठीच्या क्लास प्रकल्पातून 1984 पासून भारतातल्या शाळांमध्ये आलं ते हेच. बरीच वर्षं बंद पडून असलेलं मशीन थेट प्लगला लावू नका. मूळ पॉवर सप्लायमधले विजेचा खरखराट गाळणारे कागदी कपॅसिटर वयानुसार तडकतात, ओल धरतात आणि वीज मिळाल्यावर काही मिनिटांत दाट, उग्र धूर सोडतात. ते काढून एक्स-2 वर्गाचे 100 नॅनोफॅरड आणि 10 नॅनोफॅरडचे नवे बसवून घ्या, आणि पॉवर सप्लाय उघडायची सवय असलेल्या माणसाकडूनच घ्या.

खालच्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. बीबीसीच्या कीबोर्डवर त्या रोमन मोठ्या अक्षरांतच टाइप करायच्या. बेसिकचा शब्द छोट्या अक्षरांत लिहिला तर मशीन ‘मिस्टेक’ म्हणून मोकळं होतं.

प्रोग्रामकडे वळण्याआधी पान-थांबा माहीत करून घ्या, कारण छोट्या फाइलसाठी तेवढा पुरतो. कंट्रोल धरून एन दाबा, मग *टाइप आणि फाइलचं नाव. स्क्रीन भरली की मजकूर थांबतो आणि कॅप्स लॉक व शिफ्ट लॉक हे दोन्ही दिवे एकदम लागतात. शिफ्ट दाबलं की पुढचा मजकूर येतो. वाचून झाल्यावर कंट्रोल-ओ दाबून हे बंद करायला विसरू नका. नाहीतर नंतर एखादा प्रोग्राम चालवताना मशीन मधेच अडकल्यासारखं वाटतं, आणि खरं तर ते शिफ्टची वाट बघत असतं. दोन दिवे एकत्र लागलेले दिसले की हेच कारण समजा.

आता फाइलची तयारी. ही आजच्या संगणकावर करायची आणि खरा वेळ इथेच द्यायचा.

बीबीसी मायक्रो ओळीचा शेवट 13 या कोडने ओळखतो. लिनक्सवरच्या फाइलमध्ये तिथे 10 असतो, विंडोजवरच्या फाइलमध्ये 13 आणि 10 दोन्ही. नुसता 10 असेल तर *टाइप देताना कर्सर खाली जातो पण डावीकडे परतत नाही, म्हणून मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. दोन्ही असतील तर प्रत्येक ओळीनंतर एक मोकळी ओळ येते. शंका असेल तर *डंप देऊन बघा, ती फाइलचे बाइट हेक्स आकड्यांत (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) दाखवते. ओळीच्या शेवटी 0डी दिसलं तर फाइल ठीक, 0ए दिसलं तर दुरुस्ती बाकी आहे.

त्याहून जास्त घोळ घालतात ती वर्ड प्रोसेसरमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हं. मोड 7 या स्क्रीनच्या प्रकारात मजकूर टेलिटेक्स्टच्या, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवायच्या पद्धतीने उमटतो. त्यात 128 ते 159 हे कोड म्हणजे टेलिटेक्स्टचे हुकूम असतात, अक्षरं नव्हेत. उघडणारं एकेरी अवतरणचिन्ह यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, 226, 128, 152 असं तीन बाइटांत साठवलेलं असतं, आणि टेलिटेक्स्टमध्ये 152 म्हणजे ‘इथून पुढे लपव’. त्यामुळे त्या जागी रोमन छोटा बी उमटतो आणि उरलेली ओळ गायब होते. मिटणाऱ्या दुहेरी चिन्हाचा शेवटचा बाइट 157. तो अक्षरांचा चालू रंग पार्श्वभूमीला देतो, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. लहान डॅशचा शेवटचा बाइट 147, म्हणून पुढची छोटी अक्षरं पिवळ्या चौकोनी ठोकळ्यांत बदलतात आणि मोठी अक्षरं मात्र जशीच्या तशी दिसतात. ओळ बदलली की परिणाम संपतो, त्यामुळे फाइल मधूनमधून बिघडल्यासारखी वाटते आणि दोष फ्लॉपीवर जातो. फ्लॉपी बिचारी ठीक असते.

मराठी फाइल तशीच चढवली तरी हेच होतं. ‘क’ चे बाइट 224, 164, 149, आणि 149 म्हणजे जांभळट ठोकळे. ‘ख’ चा शेवट 150 वर, म्हणजे निळसर. अख्खी ओळ रंगीत नक्षी होऊन बसते. या मशीनला देवनागरी ठाऊक नाही, तेव्हा मराठी मजकूर रोमन लिपीत लिहूनच न्यावा लागतो.

32 पेक्षा लहान कोड तर आणखी त्रासदायक. 12 ने स्क्रीन पुसली जाते, 21 ने स्क्रीनवर काही उमटणंच बंद होतं आणि 6 येईपर्यंत बंदच राहतं, 22 ने मोड बदलतो. 2 ने प्रिंटर सुरू होतो, आणि प्रिंटर जोडलेला नसेल तर बफर भरल्यावर मशीन जागीच थांबतं. खबरदारी म्हणून आधी *एफएक्स 5,0 द्या (*एफएक्स ही मशीनच्या अंतर्गत सोयी बदलणारी कमांड). मग प्रिंटरकडे जाणारं सगळं टाकून दिलं जातं.

म्हणून लिनक्सवर पुढचा क्रम पाळा. आधी टीआर वापरून सगळे 13 काढून टाका. मग आयकॉन्व्हने मजकूर साध्या आस्कीत, म्हणजे 127 पर्यंतच्या मूळ रोमन अक्षरांच्या कोडमध्ये, आणा, पर्यायी अक्षरं देणारा ट्रान्सलिट जोडूनच. मग एक्स्पँडने टॅबच्या जागी स्पेस घाला, कारण बीबीसीवर टॅब म्हणजे एकच घर पुढे. त्यानंतर पुन्हा टीआरने 10 आणि 32 ते 126 सोडून बाकीचं सगळं गाळा. मग फोल्डने 39 अक्षरांवर ओळी तोडा, शब्दाच्या मध्ये न तुटतील असा एस पर्याय देऊन. सगळ्यात शेवटी 10 चे 13 करा. हे आधी केलं तर फोल्डला ओळी कुठे संपतात ते कळत नाही. आयकॉन्व्ह फोल्डच्या आधी हवं, कारण एका चिन्हाचे तीन ठिपके झाले तर ओळ वाढते.

39 च का, 40 का नाही? पडद्यावर 40 घरं असतात, पण चाळिसावं अक्षर छापल्याबरोबर कर्सर आपणहून खालच्या ओळीवर जातो. त्यावर ओळीचा शेवट आला की तो अजून एक ओळ खाली उतरतो, आणि पानात नको तिथे मोकळ्या ओळी येतात.

तयार फाइल 80 ट्रॅकच्या डिस्क इमेजमध्ये, म्हणजे फ्लॉपीची नक्कल असलेल्या फाइलमध्ये, घाला. एका बाजूच्या इमेजचा आकार 2,04,800 बाइट असतो, त्यात जास्तीत जास्त 31 फाइली बसतात, आणि नाव सात अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. ती इमेज गोटेकमधून (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं, पेन ड्राइव्ह वाचणारं यंत्र) किंवा एसडी कार्डावरून मशीनला द्या.

आता प्रोग्राम. आधी प्रिंट ~पेज देऊन उत्तर बघा. पेज म्हणजे बेसिकचा प्रोग्राम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता. फ्लॉपी जोडलेल्या मॉडेल बी वर सहसा हेक्समधलं 1900 येतं, पुढचे पत्ते त्या हिशेबाने आहेत. 1डी00 आलं तर खाली जिथे 2200 आहे तिथे 2600 घ्या.

पहिल्याच ओळीत मोड 7 आणि त्यालगत हिमेम=&2200. हिमेम म्हणजे बेसिकला वापरता येणाऱ्या मेमरीची वरची हद्द. ही जोडी प्रोसीजरमध्ये किंवा लूपमध्ये घालू नका, कारण बेसिकचा स्टॅक (तात्पुरत्या नोंदींची जागा) हिमेमपासूनच खाली उतरतो आणि मधेच हिमेम हलवलं तर परतीचे पत्ते हरवतात. यामुळे &1900 ते &2200 ही 2,304 बाइटांची जागा प्रोग्राम, व्हेरिएबल आणि स्टॅकसाठी राहते, आणि &2200 पासून स्क्रीनच्या मेमरीपर्यंत 23,040 बाइट फाइलसाठी मिळतात. जागा बेताची आहे, तेव्हा रेम (प्रोग्राममधल्या टिपा) लिहून ती भरू नका, नाहीतर ‘नो रूम’ येईल.

फाइल ओपनइन ने उघडा. शून्य परत आलं तर त्या नावाची फाइल नाही. एक्स्ट# ने लांबी एल% मध्ये घ्या आणि क्लोज# करा. लांबी 23,039 च्या वर असेल तर पुढे जाऊच नका. जास्तीचे बाइट थेट स्क्रीनच्या मेमरीवर जाऊन पडतात. मोठी फाइल आजच्या संगणकावरच स्प्लिटने ओळींच्या हिशेबाने तोडून आणा.

लांबी बसत असेल तर ओएससीएलआय ने (प्रोग्राममधून * च्या कमांड देणारा शब्द) ‘लोड’, फाइलचं नाव आणि 2200 अशी कमांड द्या. इथे पत्त्याआधी & लिहायचं नाही, फाइलिंग सिस्टीम तो आकडा हेक्सच धरते. ओएससीएलआय हा शब्द बेसिक 2 मध्ये आहे. मशीन चालू केल्याबरोबर रिपोर्ट टाइप करा: 1982 दिसलं तर बेसिक 2, 1981 दिसलं तर बेसिक 1. बेसिक 1 असेल तर प्रोग्राम चालवण्याआधी फाइल *लोड ने हाताने चढवा.

मग ई%=&2200+एल% आणि ?ई%=13. फाइलची शेवटची ओळ 13 ने संपली नसेल तर हा एक बाइट ती बंद करतो. कमाल मर्यादा एक बाइटने कमी ठेवली ती यासाठीच.

खरी गंमत पान दाखवणाऱ्या ओळीत आहे. बेसिकमध्ये $ए% म्हणजे ‘ए% या पत्त्यापासून 13 येईपर्यंतचा सगळा मजकूर’. म्हणजे

प्रिंट $ए% : ए%=ए%+लेन($ए%)+1

एवढ्यात एक पूर्ण ओळ छापून होते आणि ए% पुढच्या ओळीच्या तोंडाशी उभं राहतं. अक्षरामागून अक्षर बी-गेट# ने (फाइलमधून एकच बाइट घेणारा शब्द) वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये इंटरप्रिटरला, म्हणजे बेसिक चालवणाऱ्या भागाला, प्रत्येक अक्षरासाठी दोन-तीन विधानं उलगडावी लागतात. इथे ओळीमागे एकदाच, बाकीचं काम रॉममधला मशीन कोड करतो. वेग मिळतो तो यातून.

याची एक अट आहे. पुढच्या 256 बाइटांत 13 सापडला नाही तर $ए% रिकामं येतं, लेन शून्य होतं आणि ए% एकेका बाइटाने सरकत मोकळ्या ओळी छापत राहतं. पानामागून पान कोरं दिसायला लागलं तर प्रोग्राम तपासत बसू नका, 10 चे 13 करायचे राहून गेले आहेत.

प्रत्येक पानाला 23 ओळी द्या. सुरुवातीला सीएलएस, मग वरची जोडी 23 वेळा किंवा ए% हे ई% पर्यंत पोहोचेपर्यंत. 200 घरांचा एक इंटीजर अ‍ॅरे (पूर्णांकांची यादी) ठेवा आणि प्रत्येक पान जिथे सुरू होतं तो पत्ता त्यात टाका. मागे जायचं तर आधीच्या घरातला पत्ता ए% मध्ये घेऊन पान पुन्हा काढायचं, मोजणी-शोधाशोध काही नाही. शेवटच्या, म्हणजे टॅब(0,24) वरच्या ओळीत पान क्रमांक आणि किती टक्के झालं ते दाखवा: (ए%-&2200)*100 डिव्ह एल%. ही ओळ अर्धविरामाने संपवा आणि चाळिसाव्या घरापर्यंत नेऊ नका. तळाच्या उजव्या कोपऱ्यात अक्षर पडलं की सगळी स्क्रीन एक ओळ वर सरकते आणि पानाची पहिली ओळ जाते.

बटणांसाठी *एफएक्स 4,1 द्या. मग बाणांच्या बटणांचे कोड गेट मधून मिळतात: खाली 138, वर 139. स्पेस बारचा 32 पुढच्या पानालाच जोडा. प्रत्येक गेट च्या आधी *एफएक्स 15,1 ठेवा, म्हणजे बटण दाबून धरल्यावर बफरमध्ये साचलेल्या दाबांनी चार पानं उडणार नाहीत. बाहेर पडताना *एफएक्स 4,0 हवंच. एस्केप दाबून बाहेर पडलात तर ते राहून जातं आणि बाणांनी कर्सर हलवून ओळ दुरुस्त करता येत नाही, म्हणून ऑन एरर मध्येही तेच लिहा.

शब्द शोधायचा असेल तर पुढच्या पानाच्या पत्त्यापासून ओळीमागून ओळ इन्स्ट्र($बी%,एस$) ने तपासत जा; बी% म्हणजे ओळीचा पत्ता, एस$ म्हणजे शोधायचा शब्द. ओळ शब्दापेक्षा छोटी असेल तर ती तपासूच नका, त्याने वेळही वाचतो. सापडलेल्या ओळीचा पत्ता अ‍ॅरेच्या पुढच्या घरात टाकून तिथून पान काढलं की ती ओळ सर्वांत वर येते, आणि वरचा बाण दाबल्यावर शोधाआधीचं पान परत मिळतं. लहान-मोठी अक्षरं मात्र इथे वेगळी धरली जातात.

तळाची पान क्रमांकाची ओळ स्थिर ठेवण्यासाठी व्हीडीयू 28 ने खिडकी आखायचा, म्हणजे स्क्रीनचा ठरावीक भागच मजकुरासाठी राखायचा, मोह टाळा. पूर्ण स्क्रीन सरकवताना हे मशीन फक्त स्क्रीन चालवणाऱ्या 6845 चिपमधला सुरुवातीचा पत्ता बदलतं. खिडकी आखली की सरकवण्यासाठी प्रत्येक बाइट उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. मोड 7 मध्ये स्क्रीन 1 केबीची असल्याने ते खपून जातं, 20 केबीच्या मोड 0 मध्ये डोळ्यांना स्पष्ट जाणवतं.

प्रोग्रामांचे लिस्टिंग वाचायचे असतील तर मोड 7 कामाचा नाही. टेलिटेक्स्टच्या चिपमध्ये चौकोनी कंसाच्या जागी बाण आहेत, महिरपी कंसाच्या जागी पाव आणि पाऊण, उलट्या तिरप्या रेघेच्या जागी अर्धा. पहिल्या ओळीत मोड 7 च्या जागी मोड 6 करा. घरं तीच, 40 बाय 25, आणि कंस कंसासारखे दिसतात. किंमत एवढीच की स्क्रीन 8 केबी खाते, त्यामुळे फाइलची मर्यादा 15,871 बाइटांवर येते, आणि एका अक्षराला एकाऐवजी आठ बाइट लिहावे लागत असल्याने पान थोडं सावकाश भरतं. 80 घरांच्या मोड 3 मध्ये फाइलसाठी 7,680 बाइटच उरतात आणि अँटेनाच्या सॉकेटवरून जोडलेल्या टीव्हीवर ती बारीक अक्षरं वाचवत नाहीत. त्याला आरजीबी मॉनिटरच हवा.