काटा झोपलाय की नाचतोय, आधी ते बघा

जुन्या मारुती ८०० चा स्पीडोमीटर बिघडला की पहिला सल्ला मिळतो, 'मीटरच बदला.' घाई करू नका. आधी किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात का ते पाहा. आकडे फिरतात पण काटा शून्यावरच, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही ठप्प असतील तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत जाणारी, आतल्या फिरत्या तारेने मीटर चालवणारी केबल तुटलेली असते, नाहीतर गिअरबॉक्सकडच्या टोकाला निसटलेली. काटा थरथरतोय आणि डॅशबोर्डमागून किरकिर येतेय? केबल कोरडी पडली.

गोव्यात पावसाचे चार महिने, वर समुद्राची खारी हवा. माझी केबल म्हापशाला उघडली तेव्हा आतली तार गंजून तपकिरी झाली होती आणि तिचं चौकोनी टोक झिजून पार गोल. असली केबल टाकूनच द्या. नुसती कोरडी असेल तर तार बाहेर ओढा, रॉकेलने पुसा, वाळू द्या आणि बोटांनी पातळसं ग्रीस चोळा. मीटरकडच्या टोकाची चार बोटं लांबीची तार मात्र कोरडीच ठेवा. ग्रीस वर चढलं की चांगला मीटरही चिकटतो. परत बसवताना केबलला कुठे तीव्र वळण देऊ नका, तिथेच ती पुन्हा तुटते.

मग सरळ रस्ता गाठा आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसवर वेग वाचायला सांगा. मीटर चार-पाच किलोमीटर जास्त दाखवत असेल तर चालेल. कमी दाखवत असेल तर मीटर खोलावा लागेल, आणि ते काम घरी करण्यासारखं नाही.