मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरवताना या चुका टाळा

मोतीबिंदूचे निदान झाले की घरात हमखास दोन मते पडतात. कोणी म्हणते, ‘अजून पिकला नाही, थांबा’, तर कोणी म्हणते, ‘आहे ना, मग काढूनच टाका’. शस्त्रक्रियेने रुग्णाची नजर सुधारेल का, हा खरा प्रश्न या दोन्ही मतांत बाजूलाच राहतो.

पिकण्याची वाट पाहणे ही जुन्या पद्धतीच्या काळातली सवय आहे. तेव्हा मोठा छेद घेऊन डोळ्यातले धूसर झालेले भिंग काढले जाई आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा वापरावा लागे, त्यामुळे थांबण्याला अर्थ होता. आज फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंड लहरींनी भिंग फोडून बाहेर काढतात. ते जितके कडक झालेले असेल तितकी अधिक ऊर्जा वापरावी लागते आणि कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) आतील पेशींना होणाऱ्या इजेची शक्यता वाढते. थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो, या समजुतीत तर काहीच तथ्य नाही.

दुसरी चूक म्हणजे केवळ नजर तपासण्याच्या तक्त्यावरच्या आकड्यावर निर्णय सोपवणे. या आकड्यांत 6/6 म्हणजे सामान्य नजर, आणि खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. भिंगाच्या मागच्या आवरणालगत मोतीबिंदू असलेला रुग्ण (मधुमेह असणाऱ्यांत आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत हा प्रकार अधिक आढळतो) मंद प्रकाशाच्या खोलीत 6/9 ची ओळ वाचतो. परंतु उन्हात गेल्यावर किंवा समोरून गाडीचे दिवे आल्यावर बाहुली आकुंचन पावते आणि नेमका मधला धूसर भागच नजरेच्या आड येतो. रात्री गाडी चालवणाऱ्याला हा त्रास असेल तर 6/9 वरही शस्त्रक्रिया योग्य ठरू शकते, तर 6/18 असूनही दैनंदिन कामे निर्धोकपणे करणाऱ्या आजींना घाई करण्याचे कारण नसते. म्हणून डॉक्टरांना ‘कमी दिसते’ एवढेच न सांगता जिन्याची कड, बसची पाटी, सुईतला दोरा यांपैकी नेमके काय अडते ते सांगावे. काही वेळा भिंगाचा गाभा घट्ट झाल्याने केवळ चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि नव्या चष्म्यावर काही काळ सहज निभावते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अंधूकपणाचे सगळे खापर मोतीबिंदूवर फोडणे. मोतीबिंदू किरकोळ आणि नजर मात्र फारच कमी, असे दिसले की डोळ्याच्या मागच्या भागाची शंका घ्यायलाच हवी. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने खिडकीच्या गजांकडे पाहावे. सरळ गज वाकडे दिसत असतील तर दोष बहुधा दृष्टिपटलात (डोळ्याच्या मागच्या, प्रतिमा टिपणाऱ्या पडद्यात) असतो. मधुमेहामुळे तेथे सूज असेल तर सहसा आधी तिच्यावर उपचार करतात. काचबिंदूने गेलेली नजर मोतीबिंदू काढून परत येत नाही, आणि लहानपणापासून मंद राहिलेल्या डोळ्याकडूनही फार अपेक्षा धरू नये. यासाठी बाहुली मोठी करून केलेली दृष्टिपटलाची तपासणी, गरजेनुसार ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचे स्कॅन), आणि मोतीबिंदू इतका दाट असेल की आतले काहीच दिसत नाही तेव्हा डोळ्याची सोनोग्राफी आवश्यक असते. ‘या डोळ्याला नंतर किती दिसेल?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावा. तो विचारण्यात अविश्वास नाही.

याउलट, नजर सुधारण्याची आशा नसतानाही कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते. अतिपक्व भिंगातील प्रथिने झिरपून डोळ्याचा दाब वाढला, डोळा लाल होऊन दुखू लागला, तर विलंब परवडत नाही. दृष्टिपटलावर उपचार करायचे आहेत पण धूसर भिंगामुळे ते दिसतच नाही, तेव्हाही मोतीबिंदू काढावा लागतो.

दुसऱ्या डोळ्याचा निर्णयही स्वतंत्रपणे घ्यावा. मात्र मूळ नंबर मोठा असेल तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दोन डोळ्यांच्या नंबरांत इतका फरक पडतो की एकाच चष्म्यात दोन्ही सांभाळणे कठीण जाते, आणि अशा वेळी दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू सौम्य असला तरी तो लवकर काढण्याचा फायदा होतो.