बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर: पेटीचं बिल आणि घरचा धीर

३७ आठवडे भरण्याआधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातही ३४ आठवड्यांच्या आतलं असेल, तर ऊब देणारी काचेची पेटी, श्वासाचं मशीन, नळीनं दूध असा कित्येक दिवसांचा मुक्काम असू शकतो. घर कर्जात बुडतं ते बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांतल्या घाईमुळे. समोर दिसेल त्या खाजगी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, डिपॉझिट भरलं जातं आणि पैसे संपल्यावर सरकारी रुग्णालयाची चौकशी होते. तोवर बाळ कधी कधी हलवण्याच्या स्थितीत नसतं.

म्हणून कळा वेळेआधी सुरू झाल्या, की बाळ पोटात असतानाच आईला एनआयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. त्यासाठी रुग्णवाहिकेच्या १०८ला फोन करा. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ती देता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. त्यामुळे बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात शिशूंच्या कक्षात, उपचार मोफत होतात. सरकारी रुग्णालयांत आजारी बाळाला पहिलं वर्षभर औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. सरकारी म्हणून नाक मुरडू नका, आधी खाट रिकामी आहे का ते विचारा. खाजगीतच राहावं लागलं, तर रुग्णालय मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाकडून, समजून घ्या. योजनेची मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी रोख भरलेलं बिल नंतर परत मिळेल, या भरवशावर राहू नका. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसलं तरी अडत नाही: आईवडिलांचं रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो लागतो. त्यामुळे जन्मनोंदणी पहिल्याच दिवशी करा. बारशाची वाट पाहू नका, नाव नंतर घालता येतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. कंपनीचा ग्रुप विमा असेल, तर बाळाचं नाव लगेच एचआरला कळवा. मुदत चुकली, की दावा अडतो.

दर तीन दिवसांनी चालू बिल मागा. व्हेंटिलेटर, सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून देतात ते औषध), अँटिबायोटिक, रक्त हे आकडे वेगळे लिहून घ्या. पुढचे तीन दिवस काय लागेल, हेही विचारा. असं विचारल्यानं कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारायचंच. नोकरदार आईला बाळंतपणाच्या रजेशिवाय, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आजारपण आलं तर, डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा कायद्यानं मिळते. तो अर्ज फार थोड्या जणी करतात.

आता आईबद्दल. तिचं दूध हे बाळाचं औषधच आहे. प्रसूतीनंतर पहिल्या सहा तासांत दूध काढायला सुरुवात करावी, मग दिवसरात्र मिळून आठ वेळा. पहिल्या दिवशी थेंबच येतात, आणि तेवढेच पुरेसे असतात. नाही आलं तर तिला दोष देऊ नका. इतर आयांनी दान केलेलं दूध जिथे मिळतं, ती दुग्धपेढी रुग्णालयात आहे का पाहा. मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९पासून आहे. बाळ थोडं स्थिर झालं, की कांगारू पद्धतीनं उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं धरायचं. वडील, आजी, मावशी कुणीही धरू शकतं. त्यानं बाळाची ऊब टिकते, आईचं दूध वाढतं, मनही सावरतं.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे आईच्या कानावर पडू देऊ नका. खरं उलट आहे: पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाला बळ देतो. ‘काय केलंस म्हणून असं झालं’ हा प्रश्न घरात निघायलाच नको. रुग्णालयात कोण थांबणार, फोन कोण घेणार, याच्या पाळ्या लावा. पाहुण्यांना एकाच माणसानं उत्तरं द्यावीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, रडू थांबत नाही, बाळाकडे बघवत नाही असं झालं, तर तो आजार आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, वडिलांसाठीही. जीव द्यावासा वाटत असेल, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

घरी जाताना डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोखालच्या बाळाला ती जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात लागते, त्याहून बऱ्याच लहान बाळाला आणखी आधी. बाळ दिसायला ठणठणीत असलं तरी ती चुकवली, तर दृष्टी जाऊ शकते.