सोसायटीतील रस्ता दिव्यांग रहिवाशांसाठी सुकर कसा करावा

मुंबईतील गृहनिर्माण संस्थांमध्ये दिव्यांग रहिवाशांच्या सोयीचा विषय निघाला की कार्यकारिणी बहुधा थेट रॅम्पचे कोटेशन मागवते. सुरुवात तेथून करू नये. आधी संबंधित रहिवाशाची वेळ घ्यावी आणि टेप व वही घेऊन गेटपासून त्यांच्या घराच्या दारापर्यंत त्यांच्यासोबत सावकाश जावे. एकदा दिवसा आणि एकदा रात्री. बोलण्याचे काम त्यांच्याकडे ठेवावे. व्हीलचेअरला जो उंबरा अडवतो तो अंध व्यक्तीला सहज ओलांडता येतो. उलट, भिंतीतून डोक्याच्या उंचीवर पुढे आलेली मीटरची पेटी पांढऱ्या काठीला लागत नाही, ती थेट कपाळाला लागते.

कोणाला अडचण आहे हे नुसते पाहून ठरवता येत नाही. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ आहेत आणि त्यांत स्वमग्नता, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांचाही समावेश आहे. म्हणून एक साधी सूचना लावून, ज्यांना आपली गरज कळवावीशी वाटते त्यांनी ती सचिवांना खासगीत कळवावी, असे आवाहन करावे.

आता रॅम्प. आमच्या सोसायटीत प्रत्येकी सहा इंचांच्या तीन पायऱ्या होत्या. आम्ही ठेकेदाराला बोलावले, जागा दाखवली आणि त्याने दोन दिवसांत सात फुटांचा, चकचकीत ग्रॅनाइटचा रॅम्प बांधून दिला. उद्घाटनाचा नारळही फुटला. पहिल्याच पावसात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची व्हीलचेअर वर चढवताना मागे घसरली. वॉचमनने ती पाठ लावून अडवली म्हणून निभावले. चूक गणिताची होती. रॅम्पचा चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक इंच उंची चढण्यासाठी बारा इंच लांबी हवी. अठरा इंचांसाठी सरळ अठरा फूट. एवढी सलग जागा नसेल तर रॅम्प काटकोनात वळवावा आणि वळणावर खुर्ची फिरेल असा पाच फुटांचा सपाट टप्पा ठेवावा. रुंदी निदान चार फूट असावी, दोन्ही बाजूंना कठडे असावेत, चाक बाहेर जाऊ नये म्हणून कडेला थोडा उंचवटा असावा आणि फरशी खरखरीत असावी. आपल्याकडे सोसायटीची शान पॉलिश केलेल्या दगडात आहे अशी एक समजूत आहे; जूनमध्ये ती सर्वांनाच महागात पडते.

जागाच नसेल तर तीव्र रॅम्प बांधून टाकण्यापेक्षा उभ्या प्लॅटफॉर्म लिफ्टची, म्हणजे व्हीलचेअरसह माणसाला सरळ वर उचलणाऱ्या छोट्या लिफ्टची, चौकशी करावी. जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट आधी तपासावी: लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबत असेल, तर खालचा रॅम्प कितीही उत्तम झाला तरी खुर्ची घरापर्यंत पोहोचत नाही. अशा ठिकाणी आधी जिन्याला दोन्ही बाजूंनी अखंड कठडा आणि पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळी पट्टी द्यावी; कमी दिसणाऱ्यांना आणि गुडघेदुखी असलेल्यांनाही तिचा उपयोग होतो. लिफ्ट बदलण्याचा विषय निघेल तेव्हा मात्र दाराची मोकळी रुंदी तीन फूट, बसून हात पोहोचेल अशी ब्रेल खुणांची बटणे आणि मजल्याची बोलती सूचना या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्येच लिहून घ्याव्यात. आवारातील गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, अन्यथा खुर्चीची पुढची लहान चाके त्यांत अडकतात.

बिनखर्चाची कामे त्याच आठवड्यात सुरू करता येतात. रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लागणार नाही हे वॉचमनच्या रोजच्या कामांत लिहून द्यावे. लिफ्टची सर्व्हिसिंग कोणत्या वेळी आहे हे आदल्या दिवशी कळवावे, कारण त्या दोन तासांत डायलिसिसला जायचे असलेला माणूस घरी अडकतो. सोसायटीची नोटीस फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची सवय सोडावी; मोबाइलमधील स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीला) फोटोतील मजकूर बऱ्याचदा नीट वाचता येत नाही, टाइप केलेला येतो. कर्णबधिर रहिवाशाला इंटरकॉमऐवजी संदेश पाठवावा आणि त्यांच्या घरी बेल वाजताच दिवा लुकलुकेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही. म्हणून कोणत्या घरात कोणाला हात द्यायचा याची यादी, त्या घरांच्या संमतीने, तयार ठेवावी आणि प्रत्येक मजल्यावरील दोघांची नावे आधीच ठरवावीत. गणेशोत्सवात मांडवाला एक बाजू पायऱ्यांविना ठेवावी आणि स्वमग्न मुलांसाठी दर्शनाची एक वेळ ढोल-स्पीकरशिवाय जाहीर करावी.

शेजारी म्हणून आणखी एक मदत करता येते, ती कागदपत्रांची. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, त्यानंतर रुग्णालयात तपासणी होते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते. अर्ज भरून देणे आणि तपासणीच्या दिवशी सोबत जाणे, एवढ्यानेही कुटुंबाचा मोठा भार हलका होतो. कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), कृत्रिम अवयव व उपचारांसाठी हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, श्रवण आणि वाचेसाठी वांद्रे येथील अली यावर जंग संस्था आणि दृष्टिदिव्यांगांसाठी वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), हे पत्ते सूचनाफलकावर कायम असू द्यावेत.

खर्चासाठी आणि बांधकामासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा. आवारातील मोकळ्या जागेत रॅम्प येत असेल तर परवानगीबाबत परवानाधारक वास्तुविशारदाला आधी विचारावे. सभासदांनी खोडा घातल्यास राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, तथापि पहिल्याच बैठकीत कायद्याची कलमे वाचून दाखवू नयेत. त्याऐवजी ज्यांना रोज अडचण येते त्यांना सभेत बोलू द्यावे. मात्र ही सभा गच्चीवर ठेवू नये. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते आणि वर एक जिना उरतोच. आमच्याकडे रॅम्पचा पहिला ठराव असाच, काकूंच्या गैरहजेरीत, गच्चीवर एकमताने मंजूर झाला होता. दुसऱ्या वेळी खुर्च्या पार्किंगमध्ये मांडल्या आणि लांबीचा आकडा काकूंनीच सांगितला.