कोकणात यॉटचा मुक्काम: आधी वाऱ्याची दिशा बघा
कोकण किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. म्हणून भाड्याच्या यॉटवर रात्र काढायची जागा सुंदर पुळण पाहून ठरवू नका. वाऱ्याच्या अंगाला डोंगराचा आडोसा आहे का, ते कप्तानाला विचारा. मला विजयदुर्ग भरवशाचं वाटतं. वाघोटण खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येत नाही आणि किल्ल्याच्या पूर्वेला पश्चिमेच्या लाटा अडतात. किल्ल्याची समुद्राकडची बाजू मात्र टाळाच, तिथे पाण्याखाली जुनी भिंत आहे. नांगराची साखळी सोडताना खोली भरतीची धरा, ओहोटीची नव्हे, आणि किमान पाचपट सोडा. रात्री वारा जमिनीकडून येतो, यॉट नांगराभोवती फिरते. तेवढी मोकळी जागा हवी, मच्छीमारांच्या जाळ्यांपासून दूर.