कार्यात उरलेलं अन्न वेळेत कसं पोचवावं, आणि ते पोचवणाऱ्या संस्थांच्या खऱ्या उपयोगी कसं पडावं

लग्नसराईत रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला अन्न गोळा करणाऱ्या संस्थांचे फोन वाजायला लागतात. पलीकडचं बोलणं बहुतेक ठरलेलं असतं: "हॉलवरून बोलतोय, शे-दीडशे माणसांचं जेवण उरलंय, अर्ध्या तासात हॉल खाली करायचाय, लगेच या." संस्थेची गाडी त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. ती पोचेपर्यंत केटररची माणसं पातेली रिकामी करून टेम्पोत चढवायला लागलेली असतात. अन्न चांगलं असतं, देणाऱ्याची इच्छाही खरी असते, पण मसालेभात शेवटी कचऱ्याच्या डब्यात जातो.

अशा संस्थांना अन्न कमी पडतं हा आपला गैरसमज आहे. लग्नसराईत ते उतू जातं. त्यांना कमी पडतात ती हाताशी असलेली गाडी, झाकणाची भांडी, आणि ठरलेल्या वारी न चुकता येणारी माणसं. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढची सगळी कामं आपोआप नीट लागतात.

आधी संस्था ओळखा

अन्नाचं काम करणाऱ्या सगळ्या संस्था एकच काम करत नाहीत. काही समारंभांतलं आणि हॉटेलांतलं उरलेलं अन्न उचलून त्याच रात्री वाटतात. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली रोटी बँक या प्रकारातली. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोटी बँकही हेच काम करते. नावं सारखी असली तरी हे दोन वेगळे उपक्रम आहेत, तेव्हा फोन करताना गफलत नको.

दुसरा प्रकार फक्त स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्यांचा. उरलेलं अन्न गोळा करून वाटणारी रॉबिन हूड आर्मी २०१४ साली दिल्लीत सुरू झाली. पोर्तुगालमधल्या 'रीफूड' या उपक्रमावरून ती कल्पना सुचली होती. मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत. ही मंडळी पैसे घेतच नाहीत, त्यामुळे त्यांना चेक देऊ करून उपयोग नाही. त्यांना तुमची संध्याकाळ हवी असते.

तिसरा प्रकार ताजं शिजवून देणाऱ्यांचा. शाळांसाठी मध्यान्ह भोजन शिजवणारी अन्नामृत किंवा गुरुद्वारांचे लंगर यात येतात. त्यांना तुमच्या हॉलमधली उरलेली जिलबी नको असते. तिथे धान्य, पैसा किंवा हातांची मदत लागते. नांदेडला गेलात तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तासभर पोळ्या लाटायला किंवा भांडी घासायला जरूर बसा. एवढ्या माणसांना रोज वेळेवर वाढायचं म्हणजे किती शिस्त लागते ते तिथे कळतं.

आणि मग गावोगावी, वस्त्यावस्त्यांत नाव नसलेले गट असतात: चार-पाच मित्र, एक रिक्षा, एक व्हॉट्सअॅप ग्रुप. माझ्या मते पहिली मदत अशांनाच करावी, कारण मोठ्या संस्थांकडे निदान फोन उचलायला तरी माणूस असतो.

चौकशी करा, पण नेमकी

पैसे देणार असाल तर संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा, नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर तिचं नाव आहे का ते बघा, आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षित ताळेबंद मागा. चांगली संस्था याचा राग मानत नाही.

उरलेलं अन्न देणार असाल तर आणखी एक प्रश्न विचारायचा. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ साली उरलेल्या अन्नाचं संकलन आणि वाटप यांसाठी वेगळे नियम केले. त्यांत वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी आणि कुणाकडून काय आलं याची नोंद अपेक्षित आहे. "तुमच्याकडे ती नोंदणी आहे का, आणि नोंदवही ठेवता का?" एवढं विचारलं तरी पुरे. लहान गटाकडे नोंदणी नसेल तर ती करून घ्यायला मदत करा. कागदपत्रं भरता येणारा माणूस ही त्यांची मोठीच नड असते.

कार्य तुमच्या घरी असेल तर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथेच सगळं बिघडतं.

पत्रिका छापून झाल्या की आठवडाभर आधी संस्थेला फोन करा. तारीख, हॉलचा पत्ता, जेवणाची वेळ आणि अंदाजे पानं सांगा. तेवढ्यावर त्यांना त्या रात्रीची गाडी ठरवता येते. त्या दिवशी, पंगत किंवा बुफे अर्ध्यावर आला की, दुसरा फोन: "एवढं उरेल असं वाटतं" किंवा "काही उरणार नाही". दुसरा निरोपही तितकाच मोलाचा, कारण गाडी मग दुसरीकडे वळते.

हा फोन यजमानाने करू नये. मुलीच्या पाठवणीच्या वेळी कुणाला भाताची आठवण राहते? घरातल्या एका भाच्याला किंवा शेजारच्या काकांना हे काम आधीच सोपवा, आणि त्यांचा नंबर संस्थेला व केटररच्या मुकादमाला देऊन ठेवा.

केटरर ठरवतानाच त्याच्याशी तीन गोष्टी बोलून घ्यायच्या. पहिली, भटारखान्यातलं न वाढलेलं अन्न वेगळं ठेवायचं. ताटातलं उष्टं कुणालाही द्यायचं नाही हे सांगायला नको, पण बुफेच्या टेबलावरच्या भांड्यातलं चालेल का हे संस्थेला विचारावं लागतं. अनेक संस्था ते घेत नाहीत. दुसरी, भांड्यांची. केटरर आपली पातेली देणार नाही आणि त्याचं चूक नाही, कारण सकाळी ती दुसऱ्या कार्याला लागतात. तेव्हा घट्ट झाकणाचे स्टीलचे मोठे डबे कोण आणणार हे आधीच ठरलेलं हवं. गरम आमटी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतणं हा उपाय नव्हे. तिसरी गोष्ट, वाढप्यांपैकी दोघांना अर्धा तास थांबवण्याची. त्याचे पैसे तुम्ही द्यायचे. खर्च किरकोळ असतो आणि तिथेच बहुतेक वेळा अडतं.

भात जपा

सगळ्यात जास्त उरतो भात, आणि सगळ्यात जास्त जपावं लागतं तेही भातालाच. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि शिजवल्याने ते मरत नाहीत. भात बराच वेळ कोमट राहिला की ते रुजतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. असा भात नाकाला चांगलाच लागू शकतो. म्हणून "वास घेऊन बघितला, मस्त आहे" या परीक्षेवर भाताच्या बाबतीत विसंबू नका.

जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा: शिजलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला २ तासांहून जास्त ठेवू नये. गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. यांच्या मधला पट्टा धोक्याचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हॉलच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असतं ते सांगायला नकोच, तिथे २ तासही जास्तच म्हणायचे.

मोठ्या पातेल्यातला भात वरून निवलेला दिसला तरी मधे कित्येक तास कोमट राहतो. म्हणून तो झाकून मंद आचेवर किंवा गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ठेवावा, आणि डब्यांत गरमच भरावा. डब्यावर कागद चिकटवून पदार्थाचं नाव, शिजवल्याची वेळ आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहा. शिजवल्याची वेळ आचाऱ्यालाच विचारा, आपल्या अंदाजाने लिहू नका.

पुऱ्या, पोळ्या, कोरडी भाजी, जिलबी, बुंदीचे लाडू हे त्या मानाने सोपे. मठ्ठा, कोशिंबीर, दहीवडे, ओल्या खोबऱ्याची चटणी, बासुंदी यांचा मोह सोडा. बर्फात ठेवलेली आणि तासाभरात पोचणारी असेल तरच बासुंदीचं नाव काढायचं.

शंका आली तर टाकून द्या. गरिबाला काहीही चालतं असं समजणारी माणसं आपल्यात बरीच आहेत, पण असं अन्न जेवून आजारी पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीची मजुरीही बुडवावी लागते.

घरातून काय द्यावं

घरी उरलेली दोन वाट्या भाजी संस्थेला देता येत नाही. ती सकाळी थालीपिठात ढकला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ साली सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरं यांत वाया गेलं, आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोंचा आहे. त्यात साली-देठंही धरलेली आहेत, पण तरी आकडा लहान नाही. घरातली ही गळती थांबवायचं काम कुठलीही संस्था तुमच्यासाठी करू शकत नाही.

घरातून द्यायचं ते कोरडं आणि सीलबंद: तांदूळ, तूरडाळ, तेल, पोहे, गूळ, मीठ, चहा. पाकिटावरची तारीख निदान २-३ महिने पुढची असावी. दिवाळीच्या आवराआवरीत सापडलेलं, जाळी धरलेलं पीठ आणि कुणी भेट दिलेलं ओट्सचं पाकीट नको. सोसायटीत धान्य गोळा करायचं असेल तर "काहीही द्या" असं फलकावर लिहू नका. संस्थेला विचारून दोनच वस्तू ठरवा, समजा तूरडाळ आणि तेल. पंधरा प्रकारच्या पुड्या निवडत बसण्यात त्यांचा दिवस जातो.

पैसे द्यायचे असतील तर

वाढदिवसाला, पितृपक्षात आणि १५ ऑगस्टला जेवण घालायला दाते रांगेत असतात. जूनच्या पावसातल्या मंगळवारी कुणी नसतं. म्हणून वर्षातून एकदा ५,००० देण्यापेक्षा दरमहा ४०० द्या. बँकेला एकदा सांगून ठेवलं की झालं. आणि देताना "हे फक्त अन्नासाठीच" अशी अट घालू नका. अन्न फुकट आलेलं असतं. डिझेल, गाडीची दुरुस्ती, गॅस सिलिंडर आणि ड्रायव्हरचा पगार यांना दाता मिळत नाही. "आमच्या पैशातून पगार कशाला?" असं विचारणाऱ्याने एक महिना रात्री ११ वाजता बिनपगारी टेम्पो चालवून बघावा.

आयकराची ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही संस्थेला तशी मान्यता असेल तर. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीला ती लागू होत नाही, आणि धान्य किंवा वस्तू दिल्या तर अजिबातच नाही. पावतीवर आपला पॅन बरोबर लिहिलाय ना ते पाहून घ्या.

नोकरी मोठ्या कंपनीत असेल तर आणखी एक दार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या कामांची यादी आहे आणि तिच्या पहिल्याच नोंदीत भूकनिवारण येतं. तुमच्या कंपनीचा या कामांसाठीचा निधी (सीएसआर) कोण बघतं ते शोधा आणि संस्थेची कागदपत्रं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा. संस्थेच्या माणसाला महिनोन्‌महिने मिळत नसलेली भेट तुम्ही कँटीनमध्ये चहा पिताना मिळवून देऊ शकता.

वेळ द्यायचा असेल तर

एक वार, एक वेळ ठरवा आणि तेवढीच पाळा. "कधीही सांगा, येतो" असं म्हणणारा स्वयंसेवक वेळापत्रकात कुठेच बसत नाही. "दर गुरुवारी ९ ते ११, माझी स्कूटर आहे" असं सांगणाऱ्यावर एक पूर्ण फेरी उभी राहते. फिरणं जमत नसेल तर फोनवर बसणं, नोंदवही संगणकावर चढवणं, केटररांची यादी करणं ही कामं घरून होतात.

वाटप करताना आधी विचारा: "आजी, जेवण झालं का? वरणभात आहे, देऊ?" नको म्हणाल्या तर पुढे जा. डबा हातात देऊन फोटोसाठी उभं करू नका. मुलांच्या वाढदिवसाला वस्तीतल्या मुलांना रांगेत बसवून केक कापायची जी रीत निघाली आहे ती मला अजिबात आवडत नाही. संस्थेला अहवालासाठी फोटो हवाच असेल तर भरलेल्या डब्यांचा काढा.

दुसऱ्या दिवशीचा फोन

सकाळी संस्थेला फोन करून दोन आकडे विचारा: किती जण जेवले, आणि किती अन्न टाकावं लागलं. पहिला सगळेच सांगतात. दुसरा सांगणारी संस्था भेटली तर तिला सोडू नका. मग हेच आकडे केटररला कळवा. केटरर कमी पडू नये म्हणून नेहमी थोडं जास्तच शिजवतो, कारण भात संपला तर नाव त्याचं जातं. पण ५०० पानं सांगून १५० पानांचं उरल्याचं तुमच्याकडे लिहिलेलं असेल, तर धाकट्याच्या मुंजीच्या वेळी कमी पानांवर त्याच्याशी बोलता येतं.